न लावलेलं पान

मुख्तार सरखोत हा माणूस वाईट बोलत नसे. म्हणजे कोणाबद्दल वाईट बोलत नसे असं नव्हे. त्या बाबतीत तो चारचौघांसारखाच होता आणि बहारीनच्या झिंज भागातल्या आपल्या इमारतीच्या वॉचमनपासून गावच्या सरपंचापर्यंत सगळ्यांची उणीदुणी त्याला तोंडपाठ होती. वाईट बोलत नसे म्हणजे, वाईट घडेल असं बोलत नसे. "गाडी बंद पडली तर" नाही, "व्हिसा नाही मिळाला तर" नाही, "पोर नापास झालं तर" हे तर नाहीच नाही. विमा विकायला आलेल्या एका मल्याळी माणसाला त्याने चहा पाजला, बिस्किटं दिली आणि "तुम्हाला काही झालं तर" एवढे शब्द त्या बापड्याच्या तोंडून निघताच हाताला धरून त्याला जिन्यापर्यंत पोचवलं.

हे त्याच्या आईचं देणं. रायगडात बोर्लीजवळच्या त्यांच्या घरात मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या सुमाराला कोणी अभद्र बोललं की ती माउली चुलीवरचा तवा सोडून ओरडायची, "तोंड सांभाळ मेल्या! या वक्ताला फरिश्ते आमीन म्हणत फिरतात!" तुमचा शब्द आणि त्यांचं आमीन एकत्र आलं की संपलं, बोललेलं खरं होणार. शेजारच्या हिंदू घरांत वास्तू तथास्तु म्हणायची, इकडे फरिश्ते आमीन म्हणायचे, भीती एकच. लहानपणी आपण सगळेच हे ऐकतो आणि पुढे कामाच्या धबडग्यात विसरतो. मुख्तार विसरला नाही.

पंचविशीत तो बहारीनला आला आणि एका इंग्रजी दैनिकात पानं लावायच्या कामाला लागला. गावातल्या लोकांना बरेच दिवस वाटत होतं की मुख्तार तिकडे अरबांना विडे करून देतो. आधी ब्लेड आणि गोंद घेऊन, पुढे कंप्युटरवर, बातमी मापात बसवायची, फोटो बसवायचा, मथळा ताणायचा, हे त्याचं काम. हात चांगला होता. डेस्कचा मुख्य राजन प्रधान, हा दादरचा माणूस, म्हणायचा की मुख्तारने लावलेल्या पानाला इस्त्री लागत नाही.

दोन हजार तीन सालच्या ऑक्टोबरात चीनने आपला पहिला माणूस अवकाशात पाठवला. साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांना उधाण आलं होतं. रशियाचा गेला, अमेरिकेचा गेला, आता हा तिसरा. त्याच दिवशी संध्याकाळी, तो माणूस अजून पृथ्वीभोवती फिरत असताना, राजन चहाचा कप घेऊन मुख्तारच्या टेबलाशी आला.

"मुख्तार, उद्याच्या पहिल्या पानाची दोन पानं लाव. एकात माणूस सुखरूप उतरला. दुसऱ्यात माणूस गेला."

"गेला म्हणजे?"

"उतरताना काही झालं तर."

"दुसरं कशाला? तो तर जिता हाय."

"अरे, सगळ्या जगात असंच करतात. तो उतरणार मध्यरात्र उलटून. ऐन वेळी मी काय छापू? माझं कपाळ? समजा तो मेला..."

"बोलू नका राजनसाहेब!" मुख्तारने खरोखरच हात वर केला. "मगरिब होतेय."

राजन हसला. "म्हणजे शुभ बोल रे नाऱ्या, आणि नाऱ्या मी? बरं बाबा, बोलत नाही. पण पान लाव."

मुख्तारने लावलं नाही. तासाभराने राजनने विचारलं तेव्हा "झालं" म्हणाला आणि एकच पान घेऊन बसून राहिला. त्या दुसऱ्या पानाची चौकट त्याने उघडलीसुद्धा नाही. उतरल्याची बातमी आली, माणूस ठणठणीत होता, आणि पहिलं पान जसंच्या तसं छापायला गेलं. दुसरं पान कुठे आहे हे राजनने चार दिवसांनी सहज विचारलं, आणि नव्हतंच हे कळल्यावर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. नोकरीच घालवायची वेळ आणली होतीस, म्हणाला. मुख्तारचं उत्तर एकच होतं: "पन मेला नाय ना?"

ह्यावर राजनही शेवटी हसला, आणि ती गोष्ट ऑफिसची झाली, मग झिंजची झाली, मग बहारीनमधल्या सगळ्या कोकणी घरांची झाली. लग्नात, बाळाच्या अकीक्यात, ईदच्या जेवणानंतर कोणीतरी म्हणायचंच, "मुख्तारभाय, चिनी मानसाचं सांगा." आणि मुख्तार सांगायचा. दर वेळी राजन थोडा जास्त रागीट व्हायचा आणि यान थोडं जास्त डगमगायचं.

ह्या एका पानामुळे चीन त्याला लागला तो कायमचा. चीनचं यान गेलं की मुख्तारकडे बातमी असायचीच. आणि नुसती बातमी नव्हे, गोष्टीही. खुर्चीला सत्तेचाळीस अग्निबाण बांधून चंद्राकडे निघालेला जुना चिनी सरदार त्याच्या फार आवडीचा. नोकरांनी एकदम वाती पेटवल्या, मोठा आवाज झाला, धूर विरला तेव्हा ना खुर्ची, ना सरदार. जाणते म्हणतात की ही गोष्ट चिनी पोथ्यांत कुठे सापडत नाही, कोणीतरी मागाहून रचली. मुख्तारला त्याचं काही नव्हतं. "सापडला नाय म्हंजे पोचला," असा तो शेवट करायचा. पोरं टाळ्या वाजवायची. पहिल्याच्या आधी चीनने गुपचूप काही माणसं पाठवली आणि ती मेली म्हणून बातमी दाबली, अशी एक जुनी वावडी होती. ती कोणी काढली की मात्र तो लाल व्हायचा. मेले असं बोलायचंच कशाला?

त्यातून त्याने आपला एक सिद्धान्तही काढला होता. पहिल्या उड्डाणाच्या वेळी चीनने टीव्हीवर थेट दाखवायचं ऐन वेळी रद्द केलं होतं. माणूस वर नीट पोचल्यावर मग जगाला सांगितलं. आपली फजिती जगाने बघू नये, एवढाच त्यातला साधा हिशेब. पण मुख्तारला त्यात आपली आई दिसली. "चीनवाल्यांना कळतं," तो म्हणायचा. "आधी काम, मग तोंड. वाईट बोललेच नाय, म्हनून वाईट झालंच नाय." माणसाला जे हवं असतं ते तो चीनमधूनसुद्धा शोधून आणतो.

त्याच्या बायकोला, महमुदाला, यातली एकच गोष्ट आवडायची. ती ठकठकीची. तो पहिला माणूस वर एकटा असताना त्याला यानावर कोणीतरी ठोठावल्यासारखा आवाज आला होता. लोखंडी बादलीवर लाकडी हातोडी मारावी तसा. बाहेर तर कोणी असणं शक्य नाही. तो घाबरला, खिडकीतून बघत राहिला, काही दिसलं नाही. कोकणी मंडळींनी एकमताने ठरवून टाकलं होतं की तो जिन. महमुदा मात्र दर वेळी विचारायची, "मग पुढं?" आणि मुख्तार सांगायचा की पुढे काही नाही. खाली आल्यावर त्याने मागून जाणाऱ्यांना सांगून ठेवलं, तुम्हालाही ठकठक ऐकू येईल, घाबरू नका. त्यांना ती आली आणि ते घाबरले नाहीत.

"ह्यें बरं केलंन," महमुदा म्हणायची, आणि ताटं उचलायला उठायची.

ह्या महमुदाबद्दल सांगायला हवं. आईवेगळी पोर, थोरली बहीण झोहराने वाढवलेली. लग्नानंतर पहिलं बाळंतपण झोहराकडेच झालं. मुलगा झाला, त्याचं नाव ओवैस ठेवलं, आणि नाव ठेवलं त्याच आठवड्यात तो गेला. मुख्तार तेव्हा बहारीनमध्ये होता. त्याने पोराला पाहिलंही नाही. गावच्या कब्रस्तानात कुंपणाच्या कडेला ती एवढीशी कबर आहे. झोहराने तिच्या बाजूला मेंदी लावली आणि दर पावसाळ्यानंतर ती छाटत राहिली. पुढे सुहा झाली, ती इथेच वाढली, इंग्रजी शाळेत शिकली, बँकेत लागली. महमुदा नवऱ्याच्या मागे इथे आली ती इथलीच झाली. पण दर सुट्टीत गावी गेली की सामान उतरायच्या आधी ती कब्रस्तानाच्या कुंपणाशी जाऊन उभी राहायची. एकदा सुहाला तिने हसत हसत सांगितलं होतं, "मेंदीची ती बाजू माजी हाय हां. दुसऱ्या कोनाला द्यायची नाय." मुख्तार तिथे होता. त्याने लगेच विषय बदलला.

गेल्या उन्हाळ्यात महमुदाचं पोट दुखायला लागलं. आधी गॅस, मग अल्सर, मग तपासण्या, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवून सांगितलं. आजार पसरलेला होता. औषधांनी थोडे महिने पुढे ढकलता आले असते, बरं करता येण्यासारखं नव्हतं. महमुदाने पदर सारखा केला. सुहा रडली. मुख्तार म्हणाला, "इंशाल्ला बरी होईल," आणि उठला.

त्यानंतर त्याने जे केलं त्याला जिवाचा आटापिटा म्हणतात. कलौंजीचं तेल आणलं, मदिनेहून खजूर मागवले, झमझमचं पाणी आणलं. बुडत्याला काडीचा आधार, आणि बहारीनमध्ये काड्या विकणारे पुष्कळ. दैनिकातून तो केव्हाच निवृत्त झाला होता आणि मीना सलमान बंदराकडच्या एका लेबलं छापणाऱ्या कारखान्यात बसत होता. तिथून दुपारी सुटला की तो एकेका नव्या डॉक्टरकडे जायचा आणि तेच उत्तर ऐकून यायचा. घरात मात्र आजाराचं नाव काढायला बंदी. महमुदाने "मी नसले की" एवढं म्हटलं की तो कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात जायचा आणि विनाकारण नळ सोडायचा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला बोलावलं. पेशंटची इच्छा गावी जायची आहे, म्हणाल्या. आत्ता ती विमानात बसू शकते, मी तसं लिहून देते. महिन्या-दीड महिन्यानंतर मी नाही देऊ शकणार.

मुख्तार घरी आला तो चिडूनच. "तू त्यांना काय सांगितलंस गो?"

"खरं तें." महमुदा लोडाला टेकून बसली होती. चेहरा एवढासा झाला होता. "मना झोहराकडं जायचंय. मना ओवैसच्या बाजूला..."

"गप! काय बोलतेस? बरी झालीस की जाऊ. दोघंव जाऊ, महिनाभर ऱ्हाऊ."

"सुहाचे अब्बा," ती म्हणाली, "त्या चिनी मानसानं मागच्यांना सांगून ठेवलं ना, ठकठक होनार म्हनून? मंगे ते भ्याले नाय. मना ठकठक कवाची ऐकू येतेय. आन् ह्या घरात कोन काय बोलूच देत नाय."

दुसरा कोणी असता तर तिथेच बसून रडला असता. मुख्तारने नळ सोडला.

शेवटी सुहाने तोडगा काढला. तिने बापाला सांगितलं की आपण आईला शेवटचं न्यायचं म्हणून नेतच नाही. "अब्बा, जस्ट अ चेंज. हवा बदलेल, झोहराखाला भेटेल, आपण परत येऊ." ह्या शब्दांत काही अभद्र नव्हतं, म्हणून मुख्तार तयार झाला. सहा नोव्हेंबरची तिघांची तिकिटं निघाली. महमुदाने त्या दिवसापासून जेवायला सुरुवात केली. झोहरासाठी दुधाची पावडर, मोठ्या आकड्यांचं घड्याळ, मऊ चपला असं एकेक बॅगेत जाऊ लागलं. सर्वांत खाली तिने काय ठेवलं होतं ते सुहाला दिसलं होतं. पांढरं न शिवलेलं कापड. सुहाने बॅग मिटली आणि बापाला सांगितलं नाही.

आता त्याच सुमाराला चीनचे तिघे अवकाशस्थानकावर आपली मुदत भरून परत यायचे होते. पाच नोव्हेंबरला. मुख्तारला हा शकुन वाटला. ते आज उतरणार, आपण उद्या निघणार. पाच तारखेला सकाळी त्याने मोबाईल उघडला आणि बातमी वाचली: परतीच्या यानाला अवकाशातला कचरा आपटल्याचा संशय आहे, तिघांचं उतरणं लांबणीवर टाकलं आहे. कधी उतरतील ते सांगितलेलं नव्हतं.

तो बाहेरच्या खोलीत आला. बॅगा दाराशी लावून ठेवलेल्या होत्या.

"नको जाऊया," तो म्हणाला.

सुहाला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा ती किंचाळली. "आर यू सीरियस? तीन चायनीज लोक येत नाहीत म्हणून मम्मी गावी जाणार नाही?"

"त्यांचं परतणं थांबलंय. आज निघायची वेळ बरी नाय. त्यांना उतरू दे. ते सुखरूप उतरले की दुसऱ्या दिवशी आपन निघू. मी कबूल करतो, अल्लाशप्पथ."

इथे कोणीतरी मुख्तारच्या मुस्काटात द्यायला हवी होती. पण सुहा पडली मुलगी, आणि राजन तिकडे सनद भागातल्या आपल्या घरी गुडघ्याला पट्टा बांधून बसलेला. त्याने फोनवर शिव्या घातल्या त्या घातल्या. "अरे, ते वर आणि तू खाली! तुझा काय संबंध? तू काय देव पाण्यात घालून बसलायस?" मुख्तार ऐकून घेत होता. त्याच्या डोक्यात मात्र एकच चक्र चालू होतं: एकदा मी वाईट पान लावलं नाही आणि माणूस वाचला. आता माझ्या घरातलं माणूस आहे.

निर्णय महमुदाचाच होता खरं तर. तिने हट्ट धरला असता तर मुख्तार नमला असता. पण तिचा सगळा संसार ह्या माणसाची ही भीती सांभाळण्यात गेला होता, आणि सवय जिवापेक्षा चिवट असते. ती दाराशी लावलेल्या बॅगेकडे बघत राहिली. "तुमाला बरं वाटतं तर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

मग सुरू झालं वाट बघणं. चीनकडून बातमी अशी येईचना. तिघे बरे आहेत, तपासण्या चालू आहेत, योजनेप्रमाणे काम चालू आहे, झालं. मुख्तार लेबलांच्या मशीनसमोर उभा राहून मोबाईल चोळायचा. घरी महमुदा पुन्हा जेवेनाशी झाली. पोटात पाणी धरलं, मग पायांवर सूज आली, मग धाप. बुधवारी तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तरी मुख्तार म्हणत होता, आज-उद्याकडे उतरतील. ह्याला विश्वास म्हणावं की वेड, मला ठरवता येत नाही. रात्री तो बॅगेला हात लावून झोपायचा.

शुक्रवारी, चौदा तारखेला, जुम्म्याच्या नमाजाआधी तो मशिदीत वजूसाठी हातपाय धूत होता, तेव्हा खिशातला मोबाईल वाजला. ओल्या हातांनी त्याने तो काढला. उतरले होते. तिघेही, सुखरूप. तिथेच नळापाशी मुख्तार रडला. बाजूच्या अरबाने पाठीवर हात ठेवून "खैर, खैर" म्हटलं. नमाज संपताच तो धावत सुटला, टॅक्सी केली, हॉस्पिटलचा जिना चढला आणि धापा टाकत महमुदाच्या खाटेशी आला. सुहा तिचे पाय दाबत बसली होती.

"उतरले! महमुदा, उतरले गो! सांगत होतो ना मी!"

महमुदाच्या नाकाला नळी होती. तिने डोळे उघडले. ती एवढी हसली की सुहाला बरं वाटलं. "तिघंव?"

"तिघंव! ठनठनीत!"

"पन त्यांचं यान तर मोडलेलं ना?" ती थांबून थांबून बोलत होती. "कशात उतरले?"

गोष्ट सांगायची म्हटल्यावर मुख्तार खुललाच. खाटेच्या कडेला बसला. "अगो, यानाच्या खिडकीला तडा गेलेला. मग त्यांना दुसऱ्या यानात बसवलं. मागून तिघे नवे गेले होते ना, त्यांचं यान वर होतं, त्यात."

"मंगे त्या नव्यांचं काय?"

"त्यांच्यासाठी खालून दुसरं जानार. रिकामं. तें तयारच हाय. चीनवाले असंच करतात, एक यान सोडलं की दुसरं खाली तयार ठेवतात. वर कोनाचं काय वाईट झालं तर..."

तो थांबला. "तर" हा शब्द त्याच्या तोंडून निघाला होता. ही बातमी त्याने गेल्या नऊ दिवसांत किती वेळा वाचली असेल, तयार यानाची ओळ तिच्यात रोज होती. त्याने ती रोज वाचली होती आणि रोज पुढे गेला होता.

"म्हंजे वाईटाचं पान लावून ठेवलेलं," महमुदा म्हणाली.

सुहाने आईचे पाय दाबायचे थांबवले.

"आधीच लावून ठेवलेलं," महमुदा पुन्हा म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "म्हनून घरला गेले ते. मग माजं का नाय लावलात?"

मुख्तार उठला आणि खोलीबाहेर गेला. पण ह्या वेळी नळ सोडायला नव्हे. त्या दुपारी त्याने काय केलं नाही ते विचारा. डॉक्टरीणबाईंची सुट्टी होती, त्यांच्या घरी फोन केला. आजच्या आज लिहून द्या, म्हणाला, पाया पडतो. त्यांनी हळू आवाजात समजावलं की आता नाही होणार, छातीतही पाणी आहे, विमानात ती वाटेतच जाईल. विमान कंपनीला फोन केला, स्ट्रेचरवर न्या म्हणाला. ते म्हणाले, डॉक्टरचा कागद. कोकणी जमातीच्या पुढाऱ्यांना फोन केला, राजनला फोन केला. राजनने शिव्या दिल्या नाहीत. "मुख्तार," तो म्हणाला, "वेळ गेली रे."  बाकी जग होतं तसंच होतं; सगळ्यांनी सहानुभूतीने नाही म्हटलं. वरातीमागून घोडं निघालं होतं आणि ते मुख्तारनेच नऊ दिवस दाराशी बांधून ठेवलं होतं.

शेवटचा फोन त्याने झोहराला केला. गेले चार महिने तो तिला "जरा अशक्तपना हाय" एवढंच सांगत आला होता. आज त्याने खरं सांगितलं.  मग झोहरा म्हणाली, "मना ठाऊक हाय, मुख्तार. ती मना सांगत होती. मी मेंदी छाटून जागा साफ करून ठेवलीय."

तो परत खोलीत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. सुहाने आईला उशा लावून उंच बसवलं होतं, पडून श्वास घेता येत नव्हता. मुख्तार स्टुलावर बसला. 

"गो, तू..." तो म्हणाला. "तू गेल्यावर..."

बासष्ट वर्षांत त्याने असं वाक्य सुरू केलं नव्हतं, त्यामुळे पुढे कसं जायचं हे त्याला माहीत नव्हतं. महमुदाने हात पुढे केला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"बोला. मी ऐकतेय."

"तू गेल्यावर काय कसं करू?"

आणि महमुदा सांगू लागली. मधे मधे थांबून, पण न अडखळता. तिचं सगळं कधीचं तयार होतं. न्हाऊ घालायला दुसऱ्या मजल्यावरची आतिका हवी, तिचा हात हलका आहे. कापड बॅगेत तळाशी आहे. सुहाने नोकरी सोडायची नाही. कोणाला फोनवर खोटं सांगायचं नाही. इथल्याच कब्रस्तानात ठेवायचं, मयत विमानात घालून चार दिवस फिरवायची नाही.

"आन् ओवैस?" मुख्तारने विचारलं. पोराचं नाव त्याने कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं.

"त्याच्याकडं तुमी जा."

त्याला कळलं नाही.

"मी हितं ऱ्हाते. मेंदीची बाजू तुमी घ्या," महमुदा म्हणाली. "एवढासा हाय तो. तुमी त्याला बघितलंवपन नाय. आपल्यातलं एक तरी त्याच्याजवळ हवं ना?"

"मग तुज्याजवळ कोन?"

तिने त्याचा गुडघा थोपटला.  सहा तारखेला ते विमान पकडलं असतं तर तिघे एका कुंपणाशी असते. आता कोणीतरी कोणापासून तरी लांब राहणार होतं, आणि ते मुख्तारने केलं होतं. त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि मोठ्याने रडला, वॉर्डातली माणसं बघत असताना.

खिडकीबाहेर आभाळ तांबूस होऊन काळवंडायला लागलं. समोरच्या मशिदीतून मगरिबची अजान सुरू झाली. हीच ती वेळ, जेव्हा त्याची आई तवा सोडून ओरडायची. मुख्तारने डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि मुलीकडे वळला.

"सुहा, नीट ऐक. मी मेलो की..."

"अब्बा, नका ना! नॉट नाऊ. अजान होतेय, आत्ता असं नाही बोलायचं, तुम्हीच सांगता."

"आत्ताच बोलायचंय. मी मेलो की मना गावी न्यायचं. कुठंव असलो तरी न्यायचं. तुज्या भावाच्या बाजूला ठेवायचं, मेंदीकडं. अल्ला मना तिथं पोचवू दे."

सुहाने तोंडावर हात ठेवला. अजान चालू होती. महमुदाने नाकावरची नळी एका बोटाने जरा बाजूला केली, आणि नवऱ्याकडे बघत स्पष्ट म्हणाली,

"आमीन."